पाचवा दरवाजा

चिंच फोडायच्या दिवसांत आमच्या मुरुमच्या घरी हळू बोलणं कुणाला जमायचं नाही. सकाळी भाकरी खाऊन बाया यायच्या, अंगणातल्या लिंबाखाली एकेकीपुढं दगड, हातात लहान हातोडी, आणि मग जी टकटक सुरू व्हायची ती दिवस कलेपर्यंत. बाप माझा बैलगाडी घेऊन आसपासच्या गावांतून फिरायचा, झाडंच्या झाडं घ्यायचा, चिंचा झोडून पोत्यांनी भरून आणायचा. बाया टरफल काढायच्या, शिरा ओढायच्या, हातोडीनं चिंचोके उडवायच्या आणि गराचे ढीग लावायच्या. घराला, अंगातल्या कपड्यांना, देवापुढच्या तांब्याला सुद्धा आंबट वास. जेवणात बी तेच, चिंचेचं सार नाहीतर चिंचगुळाची आमटी, आणि संध्याकाळी चुलीत भाजलेले चिंचोके. माझे दात असे आंबायचे की भाकरी चावताना डोळे मिटून घ्यायचो. आता दातच राहिले नाहीत, तर आंबतील काय.

हे मी नातवाच्या वहीत लिहितोय. शिकलो चौथीपर्यंत, ते बी उर्दूत, कारण निजामाच्या राज्यात शाळा तशीच होती. मराठी अक्षरं मागून पेठेतल्या पाट्या वाचून वाचून आली. चुका असतील. नातू म्हणाला, आजोबा, मी नीट करून देतो. म्हणलं हात लावू नको. बायको जाऊन वर्ष होत आलं, आणि हे सगळं तिच्यासमोर लिहिलं असतं तर तिनंच चार ठिकाणी मला खोटं पाडलं असतं. आता पाडायला कुणी नाही, म्हणून माझं मलाच जपून लिहावं लागतंय.

तिचं नाव नीलव्वा. माहेर आळंदच्या बाजूचं, कानडी मुलखातलं. दिवाळीनंतर नांदायला आली ती तोंड शिवूनच आली म्हणायची. माय सांगेल ते काम करायची. पहाटे उठून झाडलोट, पाणी, आणि भाकऱ्या तर अशा पातळ थापायची की तव्यावरनं उचलली की पलीकडचा जाळ दिसावा. पण शब्द नाही. मराठी तिला कळायची, येत बी असेल थोडी, पण पहिल्याच आठवड्यात ती काहीतरी बोलली आणि अंगणातल्या बाया खो खो हसल्या. त्या दिवसापासून मान हलवून व्हय आणि मान हलवून नाही, एवढ्यावर तिनं संसार चालवला. माझ्याशी सुद्धा. मी बी तरणा होतो, अक्कल बेताची. मला वाटायचं मी तिला आवडलो नाही. वर मायचं रोजचं टुमणं, की भिंतीशी बोलावं तर भिंत तरी आवाज परत देती. शेवटी मायनं आळंदकडं जाणाऱ्या गाडीवाल्याजवळ माझ्या सासऱ्याला निरोप धाडला. गुढीपाडवा झाला की येऊन लेकीला घेऊन जावा, बोलायला लागली की आणून घाला. नाही बोलली तर काय, ते मायनं सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. पण आमच्या गल्लीत अशी माहेरी धाडलेली एक सून होती, ती परत आलेली कुणी बघितली नव्हती.

माझ्या हाताशी पाडव्यापर्यंतचे दिवस होते. मी करणार काय? मला एकच गोष्ट इतरांपेक्षा जास्त येत होती, ती म्हणजे उर्दू वाचणं. पेठेत कासीमचाचा म्हणून शिंपी होते. मशीन चालवता चालवता गोष्टी सांगायचे, त्यांच्या फळीवर कापडाच्या ताग्यांत चार-पाच जाडजूड पुस्तकं असायची. मी जाऊन म्हणलं, चाचा, बायका ऐकून गप होतील अशी एक किताब द्या. आणि मुकी बाई बोलेल अशी असली तर लई बरं. चाचांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. हसले नाहीत. सगळ्यात जाड पुस्तक काढलं, माझे हात बघितले, ते चिंचेनं काळे चिकट झालेले, म्हणून आपल्याजवळच्या लाल साटिनचा तुकडा कापून त्यात ते गुंडाळून दिलं. "पूरा पढके लाना," एवढंच म्हणाले.

पुस्तक म्हणजे बेदरच्या कुठल्याशा जुन्या बादशहाच्या काळातली, जादूनं भरलेली कहाणी. शहजादी एका किल्ल्यात अडकलेली, किल्ल्याला सात दरवाजे, दर दरवाजावर एक तिलिस्म, म्हणजे जादूचा फास, आणि किल्ल्यातली सगळी फौज दगड होऊन उभी. शहजादा एकेक दरवाजा फोडत जातो. मी दुपारी लिंबाखाली बसलो, पुस्तकाला चिंच लागू नये म्हणून ते पाटावर ठेवलं, लाल कापड उलगडलं आणि एकेक ओळ उर्दूत वाचून आपल्या बोलीत सांगायला लागलो.

पहिल्या दिवशी जे झालं ते मी कधी विसरणार नाही. पहिल्या दरवाजावर आगीचा साप होता. तो फणा काढून शहजाद्याच्या घोड्यापुढं उभा राहिला तसा मी जरा थांबलो, पान उलटायला. आणि अंगण एकदम गप. वीस हातोड्या हवेत. झाडावरच्या कावळ्याला सुद्धा काय झालं कळलं नसेल. मग सोनाआत्या, ही माझ्या बापाची थोरली बहीण, सगळ्या बायांवर तिचीच मुकादमी, ती म्हणाली, "आरं मुडद्या, चावला का न्हाई ते तर सांग." मी सांगितलं आणि वीस हातोड्या एकदम दगडावर पडल्या.  आजवर माझं बोलणं कुणी कान देऊन ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात मी नीलव्वाकडं बघितलं. ती कडेला, उंबऱ्याजवळ बसून फोडायची. तिची हातोडी अजून वरच होती. सगळ्यांनी काम सुरू केलं, तिनं नाही. ती माझ्याकडं बघत होती. सगळ्या अंगणाला ऐकू गेलं नसेल, पण मला तिच्या हातोडीचं ते थांबणं ऐकू आलं. तिथून पुढं मी कुणासाठी वाचत होतो ते काय सांगायचं.

दुसऱ्या दरवाजावर पाणीच पाणी होतं, भिंतीसारखं उभं, आणि त्याच्या पोटात महाल. बाया म्हणाल्या, ह्यात काय, नळदुर्गाच्या किल्ल्यात धरणाच्या पोटात असाच महाल आमी बघितलाय. तिसऱ्यावर आरसे. चौथ्यावर एक म्हातारी वाळू दळत बसलेली, वाळूचं पीठ झालं तरच वाट देणार. ती म्हातारी बायांना फार आवडली, कुणीतरी तिला सोनाआत्याचंच नाव ठेवलं आणि आत्या रागावायच्या ऐवजी फुलून गेली. ज्या बाया वेळ टाळून यायच्या त्या तांबडं फुटायला दारात. फोडलेल्या गराचा ढीग वाढला तसा बाप बी खूश. मी जेवताना, बैलांना पाणी पाजताना, मनात उद्याचं घोळवायचो. आणि दर दुपारी माझा एक कान उंबऱ्याकडं. टक, टक, टक, आणि मग नाही. ते नाही ऐकलं की मला भाकरी गोड लागायची.

आता चूक कुठं झाली ते सांगतो. लाल कापड, पाट आणि रोज ठरल्या वेळी वाचणं. आमच्या बायांनी अशी एकच वस्तू बघितली होती, ती म्हणजे पोथी. तिसऱ्या दिवशी सोनाआत्यानं पुस्तकाला हळदकुंकू लावलं. चौथ्या दिवशी पाटाखाली रांगोळी आली, मग नारळ, मग वाचून झाल्यावर वाटीभर गूळ-चिंचोके परसाद म्हणून वाटले. एक बाई म्हणाली, अक्षर तर मुसलमानी दिसतं. आत्यानं तिला गप केलं, की दर्ग्याला नवस बोलतीस तेव्हा अक्षर बघतीस का. मी त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं की बायांनो, ही पोथी नाही, गंमतीची कहाणी आहे. सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. पण पोथीचा एक कायदा असतो, तो मला वाचन अडल्यावर आठवला. सुरू केलेली पोथी अर्धी टाकायची नाही. टाकली तर त्या घराचं काहीतरी अर्धं राहतं. आमच्याकडं हे लहान पोर बी मानायचं.

पाचवा दरवाजा आला आणि माझं गाडं रुतलं. त्या लिहिणाऱ्याला तिथं काय झालं होतं देव जाणे. दगडाचा हत्ती दरवाजात उभा केला आणि त्याला तसाच सोडून घोड्यांचं वर्णन लावलं. शेपटांचीच तीन पानं. मग बादशहाचा खलिता, तो सगळा फारसीत, मग शेरशायरी, मग पुन्हा खलिता. चौथीच्या उर्दूला त्यातला एक शब्द उचलेना. आणि पानंसुद्धा जोडलेली, म्हणजे छापून दुमडलेला कागद तसाच शिवलेला, कडेला कापलेलाच नाही. दोन-चार पानं मी भाकरीच्या चाकूनं फाडून बघितली. आत अजून घोडे. मी मिटलं पुस्तक मनातल्या मनात. सांगतो सरळ, मला त्या पुस्तकाचा राग आला. मोठ्या थाटानं पाच दरवाजांपर्यंत न्यायचं आणि तिथं पाहुण्याला उभा करून घरात निघून जायचं, ही काय रीत झाली? आज बी कुणी जाडं पुस्तक दाखवलं तर मी आधी मधलं पान उघडतो, हत्ती कुठं थांबलाय का बघायला.

पण दुपारी बाया बसल्या होत्या, पाटावर ताजं हळदकुंकू होतं, आणि पाडवा दोन दिवसांवर. मी पुस्तक उघडलं आणि तोंडाला येईल ते सांगायला लागलो. हत्तीला राक्षस केला, राक्षसाला भूक दिली, त्यानं शहजाद्याजवळ शंभर ज्वारीच्या भाकऱ्या मागितल्या. पटवारी जसा आवाज काढायचा तसा आवाज राक्षसाला दिला. बाया लोळून हसल्या. मधे मधे पान उलटायचो, वाचतोय असं दिसायला. पहिला दिवस निभला. पण उंबऱ्याजवळची हातोडी एकदा सुद्धा थांबली नाही. टक, टक, टक, एकसारखी, जसं काय मी तिथं नव्हतोच. दुसऱ्या दिवशी मी राक्षसाला दोन डोकी लावली. टक, टक, टक. मी शहजाद्याचा घोडा मारला. पुढं बसलेल्या दोघी रडल्या. टक, टक.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सासरे कधीबी येतील म्हणून मायनं नीलव्वाचं गाठोडं बांधून ठेवलं होतं, ते आतल्या खुंटीवर मला बसल्या जागेवरनं दिसत होतं. मी राक्षसाला मारायला घेतलं होतं आणि तलवार काही त्याच्या मानेपर्यंत पोचत नव्हती, कारण तो मेला तर पुढं काय हे मला माहीत नव्हतं. मी पान उलटलं. तेव्हा हातोडी थांबली.

"पान बंद हाय की," नीलव्वा म्हणाली.

मोठ्यानं नाही म्हणाली. पण तिचा आवाज कुणी ऐकलेलाच नव्हता, त्यामुळं तो कुणाचा हे बघायला सगळ्यांच्या माना फिरल्या. तिचं लक्ष आमच्यापैकी कुणाकडंच नव्हतं. डोळे पुस्तकाच्या कडेवर, चिंचेतली बारीक शीर शोधावी तसे.

"चार दिस झाले, बंद पान उलटताव तुमी. बंद पानातलं कसं दिसतंय?"

 सोनाआत्या उठली, पुस्तक उचललं, अक्षरओळख नसली तरी जोडलेलं पान तिला कळत होतं. तिनं बोट आत घालून बघितलं, बोट जाईना. मी सगळं सांगून टाकलं. पाचव्या दरवाजापर्यंत पुस्तकातलं, पुढचं माझ्या डोक्यातलं, पुढं मला वाचता येत नाही, मी सोडलं पुस्तक.  आत्या म्हणाली, पोथी अर्धी टाकलीस? आणि तिनं पहिल्यांदा खुंटीवरच्या गाठोड्याकडं बघितलं, मग मायकडं. मला तिचं मन कळलं. घराचं काय अर्धं राहणार ते त्या गाठोड्यात बांधून ठेवलेलं होतं.

माय मात्र माझ्याकडं बघतच नव्हती. ती नीलव्वाकडं बघत होती. "ही बोलली," ती म्हणाली. "आगं बाई, ही बोलली आणि पहिल्याच बोलण्यात नवऱ्याला धरलं." मग माय हसायला लागली, तशी सगळं अंगण हसलं. पहिल्या आठवड्यातलं हसणं आणि हे हसणं ह्यातला फरक नीलव्वाला कळला असावा, कारण तिनं मान खाली घातली नाही.

सोनाआत्या हसली नाही. ती मुकादम होती, काम पुरं झालेलं तिला लागायचं. तिनं पुस्तक पाटासकट उचललं आणि उंबऱ्याजवळ नेऊन नीलव्वापुढं ठेवलं. "खोटं तुला दिसलं, तर खरं बी तूच सांग. पोथी पुरी झाल्याशिवाय ह्या अंगणातनं कुणी उठणार न्हाई."

नीलव्वानं पुस्तक उघडलं नाही. हात पदराला पुसले, पुस्तकावर ठेवले आणि सांगायला लागली. अर्धी मराठी, अर्धी कानडी, अडलं की हातानं दाखवायची. राक्षस तिनं एका वाक्यात उडवला, भाकऱ्या खाऊन त्याला झोप लागली म्हणाली. सहावा दरवाजा काटेरी होता, तो बाजूला सारायला शहजाद्यानं गुरांसारखी आधी चार बाजूंनी वाट शोधली. ती बोलत गेली तशी तिची मराठी सुटत गेली, जशी दोरी ओल्या गाठीतनं हळूहळू सुटते. एकदा बाया हसल्या तर तीच आधी हसली. वीस हातोड्या जमिनीवर पडलेल्या. मी चिंचांच्या ढिगावर बसून बायकोकडं तोंड उघडं टाकून बघत होतो, इतका की दारात बैलगाडी थांबली ते मला कळलंच नाही. सासरे आत आले. लेक बोलत होती आणि सगळं अंगण ऐकत होतं.  डोक्यावरचा रुमाल काढला, दारातच मांडी घालून बसले, समोर पडलेली हातोडी उचलली आणि आवाज न करता ती नुसती हातात धरली.

"सातव्याला शहजाद्यानं तलवार मारली, तुटली," ती म्हणाली. "घोडा धडकवला, घोडा पडला. मग तो दमला. दारापुढं बसला, फडक्यातली भाकरी सोडली, खाल्ली. आणि आत शहजादी होती ना, तिनं ऐकलं. दार मारत होता तवर ती भ्यायली होती. आता कुणी मारीना. मग तिनं कडी काढली. कडी आतनंच होती की. सगळे येडे भायेरनं फोडत होते."

 मग मायनं डोळ्याला पदर लावला आणि आतून गाठोडं आणून सोडून टाकलं, सगळ्यांदेखत, लुगडी पुन्हा वळणीवर टाकली. सोनाआत्यानं नारळ फोडला. पोथीची समाप्ती म्हणून संध्याकाळी नीलव्वानं तिच्याकडची शेंगाची पोळी केली, शेंगदाणा-गुळाची, आणि ती लाटताना तिचं तोंड एक पळ बंद नव्हतं. सासरे दुसऱ्या दिवशी पोळ्यांची पुरचुंडी घेऊन एकटेच परत गेले.

मी पुस्तक परत द्यायला कासीमचाचांकडं गेलो, मान खाली घालून. म्हणलं, चाचा, पुरं नाही झालं, पाचव्या दरवाजापाशी सोडलं. चाचांनी मशीन थांबवलं, पुस्तकाची न कापलेली कड अंगठ्यानं चाळली आणि म्हणाले, "मैं बी उत्ताच पढ्या रे बाबू." आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मग त्यांनी पुस्तक त्याच लाल कापडात बांधून मलाच देऊन टाकलं.

ते अजून माझ्या पेटीत आहे. नीलव्वानं ती कहाणी आमच्या पोरांना सांगितली, नातवंडांना सांगितली. राक्षस बदलले, घोडा कधी जगला कधी मेला, कडी मात्र आतलीच राहिली. बोलायची तर इतकी की मी कधी कधी चिडून म्हणायचो, तुझा बाप त्या दिवशी लवकर आला असता तर बरं झालं असतं. शेवटच्या आजारात तिचं बोलणं गेलं. डोळे उघडे, ऐकायची, पण शब्द नाही. मी खाटेजवळ बसून तिला गोष्ट सांगितली. साप सांगितला, पाणी, आरसे, वाळू दळणारी म्हातारी, दगडाचा हत्ती. पाचव्या दरवाजापर्यंत सगळी पुस्तकातलीच, एक शब्द खोटा नाही. तिथं थांबलो. म्हणलं, इथून पुढं मला येत नाही, तू सांग. मी दाराबाहेर बसल्यासारखा लई वेळ बसलो, काही न आपटता, काही न मारता. तिनं माझं बोट धरलं आणि सोडलं नाही, एवढंच.

परवा नातू पेटी उघडून बसला होता. पातं आणलं होतं त्यानं. म्हणाला, आजोबा, मी पानं कापतो, उर्दू येणारं कुणीतरी गाठतो, खरा शेवट काय आहे ते तुम्हाला वाचून दाखवायला सांगतो. मी पुस्तक त्याच्या हातातून काढून घेतलं आणि लाल कापडात बांधलं. म्हणलं, खरा शेवट मला माहीत आहे.